अग्निबाणाचा कित्ता

नक्कल ह्या शब्दाला मराठीत फारशी प्रतिष्ठा नाही. नकलाकार म्हटला की लोक हसतात, आणि परीक्षेत नक्कल करणारा विद्यार्थी वर्गाबाहेर जातो. परंतु त्याच मराठीत कित्ता हाही एक शब्द आहे, आणि त्याला मात्र मान आहे. वळणदार अक्षराचा नमुना समोर ठेवावा, त्याबरहुकूम बोरू फिरवावा, आणि गिरविता गिरविता हाताला वळण लागले म्हणजे नमुना बाजूस सारून आपले अक्षर आपण काढावे, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. नक्कल व कित्ता ह्यांतील भेद नमुन्यात नसतो. गिरविणाऱ्याच्या हातात पुढे काय उरते, त्यावरून तो ठरतो. ह्या भेदाचे एक ठळक उदाहरण मुंबईच्या उपनगरांत, घाटकोपर व मुलुंड ह्यांच्या दरम्यान असलेल्या विक्रोळीस पाहावयास मिळते. तेथे एका फ्रेंच अग्निबाण-इंजिनाची प्रतिकृती धातूत उतरली. आणि चंद्राकडे व मंगळाकडे गेलेली भारताची याने ज्या अग्निबाणांवरून निघाली, त्यांत त्याच प्रतिकृतीच्या वंशातली इंजिने होती.

अग्निबाणाची प्रतिकृती दोन प्रकारची असू शकते. एक रूपाची. अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतात ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या जोड्यांच्या दुकानदाराने १९५४ साली कागदी नळीचा व हलक्या लाकडी पात्यांचा लहानसा अग्निबाण केला, आणि त्यातून एक मोठा छंद जन्मास आला. गाजलेल्या अग्निबाणांच्या छोट्या प्रतिकृती करणारे हौशी लोक आजही पाती घासून गुळगुळीत करतात, लाकडाच्या रेषा भरून काढतात, रंगाचे हात देतात आणि मुळावरची अक्षरे जशीच्या तशी उमटवितात. तेथे सादृश्य डोळ्यांना पटले की काम पुरे झाले. दुसरी प्रतिकृती गुणाची. तिने मुळासारखे दिसून भागत नाही. मुळासारखे जळावे लागते, मुळाइतकाच रेटा द्यावा लागतो, आणि तोही ठरलेल्या क्षणी. विक्रोळीची प्रतिकृती ह्या दुसऱ्या जातीची आहे.

ही जात भारताला अपरिचित नव्हती. मात्र पूर्वी नमुना आपला होता आणि कित्ता गिरविणारे परके होते. मराठी कागदपत्रांत ज्यांस बाण म्हटले आहे, ती दारूच्या जोरावर उडणारी अस्त्रे अठराव्या शतकात हिंदुस्थानातील अनेक फौजा वापरीत. त्यांत हैदर व टिपू ह्यांच्या म्हैसूरकर फौजेने लोखंडी नळीचे बाण वापरून इंग्रजांस विशेष सतावले. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर त्या बाणांचे नमुने इंग्लंडात गेले. वूलविच येथील सरकारी शस्त्रशाळेत विल्यम काँग्रीव्ह ह्याने ह्या विद्येचा अभ्यास करून दारूचे प्रमाण व नळीचे माप ह्यांस शिस्त लाविली. १८०६ साली बुलोनवर आणि १८०७ साली कोपनहेगनवर त्याचे बाण बरसले. नमुना म्हैसूरचा, शिस्त वूलविचची. म्हैसूरच्या कारागिरांचे हात मात्र तेथेच थांबले.

पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी हा व्यवहार उलट्या दिशेने झाला. फ्रान्समध्ये सेन नदीच्या काठी व्हेर्नों नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन व्ही-२ अग्निबाणावर काम केलेले काही तज्ज्ञ तेथे येऊन राहिले. त्यांपैकी हाइन्झ ब्रिंगर ह्यांच्या हाताखाली व्हायकिंग नावाचे द्रव इंधनाचे इंजिन आकारास आले. म्हणजे ज्या नमुन्याकडे भारताने पाहिले, तोही कोठेतरी कित्ता गिरवूनच घडलेला होता. विद्येच्या इतिहासात निखळ मूळ असे क्वचितच सापडते.

१९७४ साली भारतीय अंतराळ संशोधन संस्था आणि व्हेर्नोंची फ्रेंच कंपनी ह्यांच्यात करार झाला. त्यातील देवघेव ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इंजिनाच्या विद्येचे मोल म्हणून भारताने रोख पैसा मोजावयाचा नव्हता. भारतीय अभियंत्यांनी फ्रान्समध्ये जाऊन शंभर मनुष्य-वर्षांइतके काम करावयाचे, आणि दाब मोजणारी उपकरणे करून द्यावयाची, असे ठरले. गुरुगृही राहून पाणी भरावे, लाकडे फोडावी आणि विद्या घ्यावी, अशी ही जुनीच रीत होती. नंबी नारायणन् ह्यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांची तुकडी तेथे गेली. व्हायकिंग त्या वेळी पुरते सिद्ध झाले नव्हते. एरियान अग्निबाणाचे पहिले उड्डाण १९७९ च्या डिसेंबरात व्हावयाचे होते. त्यामुळे शिष्यांना तयार वस्तूइतकीच ती तयार होत असतानाची धडपडही पाहावयास मिळाली. कित्त्यावर नुसते अक्षर दिसते. गुरूजवळ बसणाऱ्याला बोरू कोठे दाबला व कोठे उचलला, हेही दिसते.

हे इंजिन चालते कसे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. त्यात दोन द्रव लागतात. एक इंधन, दुसरा नायट्रोजनाचा प्राणवायुयुक्त द्रव. दोहोंची गाठ पडताच ते आपोआप पेटतात. काडी लावावी लागत नाही. मुख्य अडचण ते पेटविण्याची नसून पुरविण्याची आहे. पी.एस.एल.व्ही. अग्निबाणाच्या दुसऱ्या टप्प्यात सुमारे ४० टन द्रव असतात, आणि ते सारे सुमारे अडीच मिनिटांत जळून जातात. म्हणजे दर सेकंदास अडीचशे किलोंहून अधिक द्रव दहनपात्रात ढकलावा लागतो, आणि तोही आत वातावरणाच्या पन्नास पटींहून अधिक दाब असताना. हे काम पंप करतात. पंपांना फिरविण्यासाठी एक छोटी भट्टी वेगळीच जळत असते. तिचा वायू टर्बाइनच्या चक्रावर सोडतात. तो वायू चक्राची पाती जाळून टाकील इतका तप्त असतो, म्हणून त्यात पाणी फवारून त्याला निवविले जाते. ह्या सर्व खटाटोपातून ७० ते ८० टनांचा रेटा उत्पन्न होतो.

आता ह्याचे आराखडे हाती आले, एवढ्याने इंजिन हाती आले काय? आराखड्यावर माप असते, धातूचे नाव असते, आकार असतो. परंतु तो कठीण धातू कापताना हत्यार किती वेगाने फिरवावे, सांधा जोडताना तापलेला पत्रा किती वाकेल व तो वाकू नये म्हणून आधीच कोठे आवळून धरावा, हे ज्ञान कागदावर फारसे उतरत नाही. ते टर्नरच्या, फिटरच्या व वेल्डरच्या हातात असते. आणि एका देशाचा हात टपालाने दुसऱ्या देशात पाठविता येत नाही. तो ज्याचा त्याने घडवावा लागतो. ह्यासाठी संस्थेने देशातील खाजगी कारखान्यांचे साह्य घेतले. त्यांत हैदराबादचा एम.टी.ए.आर. हा कारखाना होता आणि विक्रोळीचा गोदरेज आणि बॉइस हा होता.

१८९७ साली कुलुपांपासून आरंभ केलेल्या गोदरेजांनी १९४० नंतरच्या दशकात विक्रोळीस, खाडीच्या तिवरांलगत, विस्तीर्ण जमीन घेतली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लक्षावधी मतपेट्या येथे तयार झाल्या. १९५५ साली येथील टंकलेखन-यंत्र बाजारात आले. कुलूप, तिजोरी, मतपेटी व टंकयंत्र ह्यांची अग्निबाणाशी सोयरीक काय, असे कोणी विचारील. सोयरीक कारागिरीची आहे. चुकीच्या किल्लीने न उघडणारे आणि खऱ्या किल्लीने कधीही न अडणारे कुलूप ज्या हातांनी केले, त्या हातांना मापाची शिस्त नवी नव्हती. मात्र आता जी शिस्त हवी होती ती केसाच्या जाडीपेक्षाही बारीक होती. मध्य रेल्वेच्या गाडीतून रोज विक्रोळीवरून जाणाऱ्या लाखो प्रवाशांना कपाटे करणारा कारखाना तेवढा ठाऊक होता. तेथेच १९८५ च्या सुमारास ह्या नव्या शाळेचा आरंभ झाला.

अशा कामात शेवटचा हात हा पहिल्या घावाइतकाच मोलाचा असतो. छंदाच्या प्रतिकृतीत रंग थोडा ओघळला तर डोळ्यांना खटकते, इतकेच. इंजिनात काय होते, हे मूळ व्हायकिंगच्याच इतिहासात दोनदा दिसून आले. २३ मे १९८० रोजी एरियानचे दुसरे उड्डाण फसले. चारांपैकी एका इंजिनातील दहन थरथरू लागले व त्या कंपनाने सर्वनाश ओढविला. ज्या असंख्य छिद्रांतून द्रव दहनपात्रात शिरतात, त्या भागाची रचना त्यानंतर सुधारावी लागली. पुढे २२ फेब्रुवारी १९९० रोजी दोन जपानी उपग्रह घेऊन निघालेला एरियान नष्ट झाला. शोध घेता कारण सापडले ते एक फडके! एका इंजिनाच्या पाण्याच्या नळीत जोडणीच्या वेळी ते राहून गेले होते. तेथे आराखडा चुकला नव्हता की धातू खोटा नव्हता. पुसणाऱ्याने पुसण्याचे फडके परत मोजून घेतले नव्हते. म्हणूनच ह्या धंद्यात प्रत्येक सांधा क्ष-किरणांनी पाहतात, प्रत्येक नळी आतून स्वच्छ झाल्याची खातरजमा करतात, आणि कोणता भाग कोणाच्या हातून केव्हा गेला ह्याची नोंद ठेवितात.

भारतीय इंजिनाला विकास असे नाव मिळाले. ते विक्रम अंबालाल साराभाई ह्यांच्या नावातील अक्षरांवरून योजिले, असे सांगतात. १९८५ साली ह्या इंजिनाची व्हेर्नों येथेच कसोटी झाली आणि ते उतरले. शिष्याने गुरूच्या अंगणात दिलेली ती परीक्षा होती. पुढील कसोट्या तामिळनाडूत महेंद्रगिरीच्या पायथ्याशी होऊ लागल्या. २० सप्टेंबर १९९३ रोजी पी.एस.एल.व्ही. प्रथम उडाला व समुद्रात पडला. पण तो दोष विकासचा नव्हता. १५ ऑक्टोबर १९९४ रोजी तोच अग्निबाण यशस्वी झाला.

आणि ह्या यशाची शाई वाळते न वाळते तोच एक विपरीत घडले. दीड महिन्याने, ३० नोव्हेंबर १९९४ रोजी, नंबी नारायणन् ह्यांना केरळात अटक झाली. अग्निबाणाची गुपिते परकीयांस विकल्याचा आरोप त्यांच्यावर होता. १९९६ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने तो आरोप खोटा ठरविला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अटक अनावश्यक होती असे सांगून त्यांना ५० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २०१९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मध्ये चोवीस वर्षे गेली होती. आराखडे हातात असूनही इंजिन उभे करावयास दहा वर्षे, अनेक कारखाने व शेकडो हात लागले, हे ज्याने जवळून पाहिले असेल, त्याला कागदांच्या चार पुंजक्यांनी अग्निबाण विकला जातो ही कल्पना किती पोकळ आहे ते सांगावे लागले नसते. दुर्दैवाने आरोप करणाऱ्यांच्या लेखी विद्या म्हणजे कागदच होता.

विकासचा प्रवास चालूच राहिला. पी.एस.एल.व्ही. मध्ये असे एक इंजिन असते, जी.एस.एल.व्ही. मध्ये पाच, आणि एल.व्ही.एम.-३ मध्ये जोडीने दोन. २००८ चे पहिले चांद्रयान, २०१३ चे मंगळयान व २०२३ चे तिसरे चांद्रयान ह्यांच्या उड्डाणांत ही इंजिने होती. २९ मार्च २०१८ रोजी अधिक रेट्याचे विकास प्रथमच उडाले. १७ जानेवारी २०२५ रोजी महेंद्रगिरीस हे इंजिन एकदा विझवून पुन्हा पेटविण्याचा प्रयोग यशस्वी झाला. हे धडे मूळच्या कित्त्यात नव्हते.

उलटपक्षी मूळ व्हायकिंगचे काय झाले? त्याच्या बळावर उडणारा एरियान-४ अग्निबाण १५ फेब्रुवारी २००३ रोजी शेवटचा उडाला, आणि फ्रेंच इंजिन संग्रहालयांतील शोभेची वस्तू झाले. ज्या नमुन्यावरून प्रत काढली तो नमुना काचेआड उभा आहे, आणि प्रत आकाशात आहे. पूर्वी म्हैसूरचा बाण काचेआड गेला व वूलविचचा उडत राहिला. ह्या खेपेस पारडे फिरले. वूलविचने नमुना उचलला, नमुना करणाऱ्यांपाशी तो शिकला नाही. येथे शिष्यांनी गुरूजवळ राबून विद्या घेतली आणि ती विक्रोळी-हैदराबादच्या कारागिरांच्या हाती दिली. पुढच्या पिढीच्या हाताला तेच वळण लावीत राहणे, हे काम मात्र कोणत्याही करारात लिहून मिळत नाही. ते कारखान्यात व शाळेत रोजच्या रोज करावे लागते.