कचराभूमीचे उत्खनन

जुन्या कचराभूमीचे (डम्पिंग ग्राउंड) थर उकरून त्यांतील उपयुक्त द्रव्ये वेगळी काढण्याच्या प्रक्रियेस 'बायोमायनिंग' म्हणतात. असा पहिला ज्ञात प्रयोग १९५३ मध्ये इस्रायलमधील तेल अवीवजवळ झाला. तेथे फळबागांसाठी मातीखत हवे होते. उकरलेल्या कचऱ्यावर जिवाणूंचे द्रावण फवारून, तो वरखाली करून वाळवतात व फिरत्या चाळण्यांतून काढतात. धातू भंगारात जातात, तर प्लास्टिक व चिंध्या सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून. मात्र सर्वाधिक निघते ती मातीच. तिच्यात शिसे वा कॅडमियम असल्यास ती शेतात घालणे धोक्याचे. म्हणून ती बहुधा भरावासच वापरतात. त्यामुळे खरी कमाई मोकळ्या जमिनीची. इंदूर महापालिकेने २०१८ मध्ये यंत्रे भाड्याने घेऊन देवगुराडिया येथील सुमारे १०० एकर जागा अशी मोकळी केली.