परिग्रहाची मर्यादा आणि कर्मवीर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या व्यापार-उद्योगाच्या पट्ट्यातील श्रावकांना परिग्रह-परिमाण व्रत नवे नाही. हे व्रत कमाईस मनाई करीत नाही. संग्रहाची सीमा ज्याची त्याने आखावी, एवढेच सांगते. १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकीत गावोगाव फिरले. धंद्यात जम बसला असतानाच १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. त्यांनी महत्त्वाकांक्षा सोडली असे म्हणता येणार नाही. ती तिजोरीकडून वसतिगृहाकडे वळली. या मर्यादेचे मोल मात्र घरानेही मोजले. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेरीस मंगळसूत्रही.