म्हशीचे स्वादुपिंड आणि माणसाचा जीव : इन्सुलिनची ५० कोटी वर्षे

१/
डिसेंबर १९४१. जपानी सैन्याने शांघायमधील आंतरराष्ट्रीय वसाहतीचा ताबा घेतला आणि शहरातील औषधपुरवठा आटला. नाझींच्या भीतीने चेकोस्लोव्हाकिया सोडून येथे आश्रयाला आलेली ईव्हा सॅक्सल ही तरुणी त्या वेळी मधुमेहाने आजारी होती. तिला रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागे. काळ्या बाजारात ते मिळत असे. पण त्या कुपीत नेमके काय आहे, याची खात्री कोणीच देऊ शकत नव्हते.

२/
ईव्हा आणि तिचा पती व्हिक्टर यांना औषधनिर्मितीचा काहीच अनुभव नव्हता. त्यांच्या हाती होता एक वैद्यकीय ग्रंथ, ज्यात १९२१ साली टोरांटोत वापरलेली इन्सुलिन काढण्याची पद्धत दिलेली होती. एका चिनी रसायनतज्ज्ञाने प्रयोगशाळेची जागा दिली. कत्तलखान्यातून म्हशींची स्वादुपिंडे आणून दोघांनी काम सुरू केले.

३/
तयार झालेला द्राव तपकिरी रंगाचा होता. तो आधी सशांना टोचून पाहिला गेला आणि मग ईव्हाने स्वतः टोचून घेतला. तो लागू पडला. पुढे शहरातील इतर रुग्णांनाही त्यातून इन्सुलिन मिळाले. ईव्हा सॅक्सल युद्धानंतरही दीर्घकाळ जगली. तिचे निधन २००२ साली झाले.

४/
या घटनेकडे सहसा धैर्याची कथा म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. म्हैस आणि माणूस यांच्या वंशशाखा ९ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी विभक्त झाल्या. मग म्हशीच्या शरीरातील संप्रेरक माणसाच्या पेशींना ओळखीचे कसे वाटले?

५/
प्रश्न शांघायपुरता नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला प्रथम इन्सुलिन टोचले गेले, तेही गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेले. त्याच वर्षी जे. जे. आर. मॅक्लिऑड यांनी कॅनडाच्या किनाऱ्यावर माशांवर प्रयोग केले. काही माशांत इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा पुंजका स्वादुपिंडापासून वेगळा असतो. त्या पुंजक्याचा अर्क सशाला टोचताच त्याच्या रक्तातील साखर उतरली.

६/
हे घडते, एवढे ठाऊक होते. का घडते, हे सांगता येत नव्हते. कारण प्रथिनाची रचना नेमकी कशी असते, हेच अज्ञात होते. प्रथिनांना निश्चित असा अनुक्रम असतो की नाही, याविषयीही अनेक रसायनतज्ज्ञ साशंक होते.

७/
केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी ही शंका मिटवली. गाईच्या इन्सुलिनची एक साखळी १९५१ मध्ये आणि दुसरी १९५३ मध्ये त्यांनी उलगडली. ३० अमिनो आम्लांची एक, २१ ची दुसरी, आणि दोन्ही गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या. संपूर्ण अनुक्रम उलगडलेले हे पहिले प्रथिन. १९५८ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच कार्यासाठी मिळाले.

८/
त्यानंतर सँगर यांच्या गटाने डुक्कर आणि मेंढी यांचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनशी ताडून पाहिले. ५१ पैकी फरक आढळला तो एकमेकांना लागून असलेल्या तीनच जागांत. पुढे मानवी इन्सुलिनचा अनुक्रम हाती आला, तेव्हा डुकराच्या इन्सुलिनपासून त्याचा फरक एका अमिनो आम्लाचा आणि गाईच्या इन्सुलिनपासून तिघांचा भरला. कत्तलखान्यातील औषध माणसाला का चालते, याचे उत्तर इथे मिळू लागले.

९/
पण बदल इतका कमी का? १९६७ साली शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी दाखवले की पेशी आधी एक लांब साखळी बनवते आणि तिचा मधला तुकडा कापून काढते. या तुकड्याला ‘सी-पेप्टाइड’ म्हणतात. उरलेल्या दोन भागांचे इन्सुलिन होते.

१०/
जपानी आनुवंशिकीतज्ज्ञ मोतो किमुरा यांनी यातले मर्म हेरले. कापून टाकला जाणारा हा तुकडा इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपेक्षा सुमारे सहापट वेगाने बदलत आला आहे. जनुक एकच, काळही तोच; तरी जिथे चूक खपते तिथे बदल साचत गेले आणि जिथे चूक जिवावर बेतते तिथे नैसर्गिक निवडीने ते पुसून टाकले. किमुरांच्या तटस्थ उत्क्रांतीच्या सिद्धांताला हे उदाहरण बळ देणारे ठरले.

११/
१९६९ मध्ये ऑक्सफर्डला डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने इन्सुलिनची त्रिमितीय रचना उलगडली. या गटात भारतीय शास्त्रज्ञ एम. विजयन हेही होते. आता निरनिराळ्या प्राण्यांतील अनुक्रम या आकृतीवर बसवून पाहता येऊ लागले. रेणूच्या पृष्ठभागाचा एक भाग बहुतेक सर्व प्राण्यांत जवळपास जसाच्या तसा होता. पेशीवरील ग्राही, म्हणजे रिसेप्टर, याच्याशी जुळणारी बाजू ती हीच, असा निष्कर्ष १९७० च्या दशकात पुढे आला.

१२/
नियमाला अपवाद ठरला गिनी पिग. त्याचे इन्सुलिन मानवी इन्सुलिनपासून जवळपास एक-तृतीयांश जागांत वेगळे आहे. इतर सस्तन प्राण्यांचे इन्सुलिन जस्ताच्या साहाय्याने सहा-सहा रेणूंचे गट करते. याचे करत नाही. त्याचा प्रभावही बराच कमी पडतो, आणि ती उणीव ते प्राणी अधिक इन्सुलिन स्रवून भरून काढतात.

१३/
या वेगळेपणाचा वैद्यकाला मोठा उपयोग झाला. गिनी पिगच्या शरीराला गुरांचे इन्सुलिन पूर्णपणे परके वाटते. म्हणून ते त्याविरुद्ध उत्तम प्रतिपिंडे तयार करते. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी त्यांच्याच आधारे रक्तातील अत्यल्प इन्सुलिन मोजण्याची पद्धत घडवली. बर्सन १९७२ मध्ये वारले. यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले.

१४/
सर्वांत दूरचा पुरावा समुद्राच्या तळाशी होता. हॅगफिश हा जबडा नसलेला प्राणी. त्याची वंशशाखा इतर बहुतेक पृष्ठवंशीयांपासून सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. १९७५ साली त्याच्या इन्सुलिनचा अनुक्रम प्रसिद्ध झाला. एक-तृतीयांशाहून अधिक अमिनो आम्ले बदललेली, पण घडण तीच : दोन साखळ्या, तेच गंधकबंध.

१५/
खरा धक्का १९७९ मध्ये बसला. हॅगफिशच्या तांबड्या रक्तपेशींवरील ग्राही तपासले गेले, तेव्हा ते हॅगफिशच्या स्वतःच्या इन्सुलिनपेक्षा डुकराचे आणि कोंबडीचे इन्सुलिन अधिक घट्ट धरत असल्याचे दिसले. सस्तन प्राण्यांच्या पेशींवरही पसंतीचा हाच क्रम आढळतो. म्हणजे हॅगफिश आणि डुक्कर यांच्यात किल्ली पुष्कळ बदलली होती; कुलूप मात्र जवळपास जुनेच राहिले होते.

१६/
यामागचे कारण समजण्याजोगे आहे. ग्राहीला संप्रेरक ओळखावे लागते, त्याचा संदेश पेशीच्या आत पोहोचवावा लागतो आणि तिथल्या इतर प्रथिनांशी जमवून घ्यावे लागते. जितकी नाती अधिक, तितके बदलाचे स्वातंत्र्य कमी. इन्सुलिन थोडे फिके पडले तर ते अधिक स्रवून निभावता येते, हे गिनी पिगने दाखवलेच आहे.

१७/
प्राण्यांवरचे हे अवलंबित्व पुढे ओसरले. १९६५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी गाईचे इन्सुलिन रासायनिक मार्गाने जोडून बनवले. त्यांतील काही प्रयोगशाळा ईव्हा सॅक्सलच्याच शांघायमध्ये होत्या. १९७८ मध्ये जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करवून घेण्यात यश आले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापराला मंजुरी मिळाली.

१८/
त्याआधीची ६० वर्षे मात्र जगभरचे मधुमेही रुग्ण गुरे आणि डुकरे यांच्या इन्सुलिनवर जगले. बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना १९२३ चे नोबेल मिळाले, तेव्हा हे औषध का चालते हे त्यांनाही सांगता आले नसते. ईव्हा आणि व्हिक्टर यांच्याकडे तर फक्त एक पुस्तक होते. त्यांचा तपकिरी द्राव लागू पडला, कारण माणूस आणि म्हैस यांच्या पेशींवर एकाच प्राचीन पूर्वजाकडून आलेले कुलूप होते, आणि इतक्या काळात ते बदलण्याची मुभा उत्क्रांतीने दोघांनाही दिलेली नव्हती.