ओंडक्यांची भिंत : प्रवेशापूर्वी

लाकडी घर म्हटले की खांब, तुळया, फळ्या डोळ्यांसमोर येतात. कॉर्डवुड बांधकामात लाकूड वेगळ्याच रीतीने कामाला येते. साल काढलेले फूट-दीड फुटाचे ओंडके भिंतीच्या जाडीत आडवे घालायचे, सरपण रचतात तसे. दोन्ही टोकांशी मालाचा पट्टा आणि मधल्या पोकळीत चुना मिसळलेला कोरडा भुसा. बाहेरून ओंडक्यांची फक्त तोंडे दिसतात, म्हणून नवख्याला ही नुसती सजावट वाटते.

ही बांधकामाची रीत हजार वर्षे जुनी आहे, असे उत्साहाने सांगितले जाते. मला त्यापेक्षा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जेनिंग्ज येथे उभी असलेली मेचिकाल्स्की यांची इमारत मोलाची वाटते. 1899 च्या सुमारास बांधलेल्या या एकाच वास्तूत दुकान, मद्यगृह आणि खाणावळीसह निवासाची सोय होती. जंगलतोडीनंतर तुळईला न चालणारे आखूड, वाकडे लाकूड तिथे मुबलक होते. ते उचलायला माणसांचा ताफा लागत नव्हता आणि कोपऱ्यांत खाचा पाडणारा कसबी सुतारही लागत नव्हता. रिचर्ड पेरिन यांच्यासारख्या वास्तू-इतिहासकारांनी अशा भिंतींची नोंद घेतली. पुढे 1970 च्या दशकात इंधन महागले आणि कॅनडात जॅक हेनस्ट्रिज, न्यूयॉर्क राज्यात रॉब आणि जॅकी रॉय यांनी ही रीत पुन्हा हाती घेतली.

या विषयात शिरायला स्थापत्याची पदवी लागत नाही, पण लाकडाचा स्वभाव मात्र ओळखावा लागतो. वाळताना ओंडका लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवा आटतो. त्यातही वर्तुळांच्या दिशेने होणारी आट ही गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आटीच्या साधारण दुप्पट असते. म्हणूनच तो गाभ्यापासून तडकतो. माल त्याच्यामागे सरकत नाही. ओले लाकूड बसवले, तर प्रत्येक ओंडक्याभोवती फट पडून वारा आत येतो. उलट, ओकसारखे जड लाकूड फार सुकवून घातले, तर ते पावसात फुगते आणि भिंत ओळंब्यातून बाहेर ढकलते. ही दुसरी चूक अधिक महाग पडते. हलका, कमी आटणारा, सहसा न कुजणारा सीडर कारागिरांना प्रिय आहे तो यासाठीच.

मालातही लाकूड असतेच. रॉय यांचे प्रचलित प्रमाण असे: 9 भाग वाळू, 3 भाग भिजवलेला भुसा, 3 भाग चुना, 2 भाग सिमेंट. भुसा पाणी सावकाश सोडतो, माल हळूहळू घट्ट होतो आणि भेगा कमी पडतात. भुसा मऊ लाकडाचाच हवा.

ऊब हा वादाचा मुद्दा आहे. लाकडातून उष्णता आडवी जाते त्याच्या सुमारे अडीचपट वेगाने तंतूंच्या दिशेने जाते, आणि इथे प्रत्येक ओंडका आतून बाहेर आरपार गेलेला असतो. त्यामुळे जाडी बघून खूश होणाऱ्यांचे हिशेब मी जपून वाचतो.

मराठी वाचक पहिला प्रश्न वाळवीचा विचारील, आणि तो रास्त आहे. ही रीत थंड, सीडरच्या मुलखात रुजली. कोकणच्या पावसात ती जशीच्या तशी आणू नये. थंड मुलखातसुद्धा उंच जोते आणि पुढे आलेले छप्पर यांवाचून ती टिकत नाही. ओंडक्यांची बाहेरची तोंडे व्हार्निशने बंद करण्याचा मोहही टाळावा. आत शिरलेला ओलावा तिथूनच बाहेर पडतो.

हात शिवशिवत असतील, तर आधी लाकूडफाट्याची खोपी बांधा. एक हिवाळा, एक उन्हाळा जाऊ द्या, आणि मगच घराचा नकाशा काढायला बसा.