माथाडी कामगार चळवळ
बाजारपेठा, वखारी व कारखाने येथे डोक्यावर वा पाठीवर ओझी वाहणाऱ्या श्रमजीवी कामगारांची महाराष्ट्रातील संघटित चळवळ. हे कामगार टोळीने व नगावारी मजुरीवर काम करीत. एकाच दिवशी अनेक व्यापाऱ्यांचा माल वाहिल्यामुळे त्यांना कायद्याच्या दृष्टीने निश्चित मालक नसे; परिणामी भविष्यनिर्वाह निधी, पगारी रजा इ. लाभांस ते मुकत. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभारली, तर मुंबईत अण्णासाहेब पाटील (१९३३–८२) यांनी माथाड्यांना संघटित केले. यवतमाळ जिल्ह्यातील गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा अधिनियम झाला. त्यान्वये मालक, कामगार व शासन यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन होतात. नोंदित मालक मजुरी व तीवरील अधिभार मंडळाकडे भरतो आणि मंडळ कामगारांस वेतन व इतर लाभ देते. अनेक मालकांच्या विखुरलेल्या जबाबदारीला अशा रीतीने एक ठिकाण लाभले. तथापि या संरक्षणाचा पाया नोंदणी हा आहे. यवतमाळसारख्या कापूसपिकाच्या जिल्ह्यात बाजारातील हमाली हंगामाबरोबर वाढते व ओसरते. तेथे नोंदणीबाहेर राहिलेल्या हमालास अधिनियम असूनही त्याचा लाभ मिळत नाही.