गळा आणि परवाना

समजा, एखाद्या गवयाला कोणी सांगितलं, "बुवा, मोठ्या नाट्यगृहात अडीच हजार माणसांपुढे खुशाल गा, पण गल्लीतल्या छोट्या बैठकीत शंभर माणसांपुढे मात्र गाता येणार नाही," तर आपण काय म्हणू? सांगणाराच्या डोक्याविषयी शंका घेऊ. पण असा नियम न्यूयॉर्क शहरात खरोखरीच होता. तो ज्यांच्या मुळावर आला त्यांत बिली हॉलिडे ही जाझ गायिका होती. तिची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

बिलीचा जन्म ७ एप्रिल १९१५ चा, फिलाडेल्फियाचा. पाळण्यातले नाव एलेनोरा. बाप क्लॅरन्स हॉलिडे गिटार वाजवीत असे; पण घरात त्याचा पाय ठरला नाही. आई दुसऱ्यांच्या घरी राबत असे. पोरीचे बालपण बॉल्टिमोर शहरात फार हालात गेले. पुढे मायलेकी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आल्या. हार्लेम म्हणजे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आणि जाझ संगीताचे माहेरघर. तिथल्या लहानसहान क्लबांतून ही मुलगी गाऊ लागली. नाव घेतले 'बिली', एका चित्रपटतारकेवरून. आणि 'हॉलिडे' बापाचे. १९३३ साली जॉन हॅमंड नावाच्या संगीतपारख्याने तिला ऐकले, आणि त्याच वर्षी बेनी गुडमन ह्या प्रसिद्ध वादकाबरोबर तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. वय होते अवघे अठरा.

आता तिच्या गाण्यात होतं तरी काय? आवाज मोठा नव्हता. पल्ला पाहाल तर एक सप्तक आणि वर थोडेसे. संगीताची रीतसर तालीमही नव्हती. पण लयीची समज विलक्षण! ठेका पुढे चाललेला असावा आणि हिने शब्द मुद्दाम मागे रेंगाळत ठेवावा. आता ही चुकणार असे वाटते न वाटते तोच नेमकी जागेवर यावी. आपल्याकडे समेशी खेळणारा गवई ऐकलेल्यांना ह्यातली गंमत वेगळी सांगायला नको. बाजारातले साधे, उथळ गाणेसुद्धा तिच्या तोंडी आले की चालीचे वळण बदले आणि शब्दांना अर्थ येई. तिचे गाणे मायक्रोफोनच्या जवळ, जवळजवळ कानात सांगितल्यासारखे असे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

१९३७ साली ती काउंट बेसीच्या कृष्णवर्णीय वाद्यवृंदात गेली आणि १९३८ साली आर्टी शॉच्या गोऱ्या वाद्यवृंदात. तिच्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. डेट्रॉइटच्या एका नाट्यगृहाच्या चालकांना वाटले की, काळ्या वादकांमध्ये ही बाई फार उजळ दिसते. लोक तिला गोरी समजतील! म्हणून तिला तोंडाला काळा रंग फासायला लावला. आणि शॉच्या वाद्यवृंदाबरोबर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिला मालाच्या लिफ्टने जा-ये करायला सांगितले, कारण तिथे ती फार काळी ठरली. वर्ष संपण्यापूर्वी तिने तो वाद्यवृंद सोडला.

मग ती 'कॅफे सोसायटी' ह्या क्लबात गाऊ लागली. त्याचा मालक बार्नी जोसेफसन. काळे-गोरे इथे एकत्र बसत. एबल मीरोपोल नावाचे एक शाळामास्तर होते. इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावी १९३० साली जमावाने दोन कृष्णवर्णीय तरुणांना झाडाला लटकावून मारले होते. त्याचे छायाचित्र पाहून मास्तरांची झोप उडाली आणि त्यांनी एक कविता लिहिली. तिचेच गाणे झाले, 'स्ट्रेंज फ्रूट'. १९३९ साली बिली ते गाऊ लागली. जोसेफसनने शिस्त घालून दिली: हे गाणे शेवटचे, वाढप्यांनी काम थांबवायचे, सगळे दिवे मालवून एकच झोत बिलीच्या चेहऱ्यावर, आणि गाणे संपले की पुन्हा म्हणायचे नाही. तिच्या नेहमीच्या कंपनीने हे गाणे मुद्रित करायचे नाकारले, तेव्हा कमोडोर ह्या छोट्या कंपनीने ते केले. १९९९ साली 'टाइम' साप्ताहिकाने त्याला शतकातले गाणे म्हणून निवडले.

इथवर चढती कमान. पण ह्या बाईला हेरॉइनचे व्यसन जडले होते. त्याचे समर्थन कोणी करणार नाही. १९४७ साली मादक पदार्थ जवळ बाळगल्याबद्दल तिला शिक्षा झाली आणि ती वेस्ट व्हर्जिनियातल्या तुरुंगात गेली. मार्च १९४८ मध्ये सुटली. सुटून थोडेच दिवस झाले होते, आणि न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या तिच्या कार्यक्रमाची सगळी तिकिटे खपली.

शिक्षा भोगून झाली, लोकांनी पदरात घेतले. मग अडलं कुठं? अडलं ते एका कार्डावर. न्यूयॉर्कमध्ये जिथे दारू विकली जाई अशा क्लबात काम करायचे, तर पोलिसांचे परवानापत्र लागे. वाढपी असो की वादक, बोटांचे ठसे द्यावे लागत. आणि गुन्ह्याचा डाग असेल तर परवाना नाकारता येई. बिलीचा परवाना गेला तो कायमचा. कार्नेगी हॉल तिला मोकळा. छोटा क्लब बंद. आणि मघाशी सांगितलं ते आठवा: तिचे गाणे होते जवळून ऐकायचे! पोट तर त्या क्लबांवरच चाले. मग परगावचे कार्यक्रम, फिरती, १९५४ साली युरोपचा दौरा. ज्या शहराने तिला घडवले, त्याच शहरातल्या क्लबांची दारे तिला लागलेली. थेलोनियस मंक ह्या थोर पियानोवादकालाही हाच नियम काही वर्षे भोवला. व्यसनी माणसाला सुधारायचे तर त्याच्या हातचे काम काढून घ्यायचे, हा कुठला उपचार?

मे १९५९ मध्ये ती रुग्णालयात दाखल झाली. यकृत आणि हृदय दोन्ही थकले होते. तिथे खाटेवरच पोलिसांनी तिला पुन्हा अटक केली आणि दाराशी पहारा बसवला. १७ जुलैला ती गेली. वय ४४. पुढे आठ वर्षांनी, १९६७ साली, शहराने तो परवान्याचा नियमच रद्द केला.

वाचकहो, तिचे एखादे गाणे मिळाले तर जरूर ऐका. डिसेंबर १९५७ मधल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे चित्रण आजही पाहायला मिळते. स्टुडिओत दारू विकत नव्हते, तेव्हा तिथे कार्डाचा प्रश्नच नव्हता. बिली उंच स्टुलावर बसली आहे. तिचा जुना मित्र, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग, आजारी आहे. तो उठतो, मोजकेच साधे, संथ स्वरसमूह वाजवतो, आणि ती त्याच्याकडे पाहून हलकेच मान डोलावते. दोन वर्षांच्या आत दोघेही गेले. पण दाद कशी द्यावी, हे त्या मान डोलावण्यात पाहून घ्यावे.