दारूच्या दुकानातलं निसर्ग मंडळ आणि आमच्या गावातल्या अकरा वह्या

गेल्या आठवड्यात आमच्या गावातल्या निसर्ग मंडळाच्या सरांचा फोन आला. मला वाटलं, नेहमीप्रमाणे शिबिराची बातमी असणार. सर म्हणाले, "बातमी नको, जागा हवीय. एक कपाट मावेल एवढी."

सर निवृत्त शिक्षक. आता मुलाकडे पुण्याला चाललेत. ज्या शाळेने मंडळाला एक खोली वापरायला दिली होती, त्या शाळेला ती आता दुसऱ्या कामासाठी हवीय. त्यात शाळेची चूक नाही. खोलीत आहे तरी काय? दोन दुर्बिणी, त्यातली एक धड. पक्ष्यांची चार पुस्तकं. आणि अकरा वह्या. चौदा वर्षं दर रविवारी मुलांनी तळ्यावर जाऊन भरलेल्या. तारीख, वेळ, पाणी कुठपर्यंत, कोणता पक्षी, किती दिसले, नोंद कुणाची.

कुणीतरी सरांना सल्ला दिला, रद्दीत घाला. मी पत्रकार आहे, रद्दीचं मला वावडं नाही, माझ्या सगळ्या बातम्या शेवटी तिथेच जातात. पण या वह्यांवरून एक जुनी गोष्ट आठवली, ती सांगतो. लांब आहे, पण वाचा.

१५ सप्टेंबर १८८३. मुंबईत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली. सहा इंग्रज, दोन आपले. दर महिन्याला भेटायचं, जे पाहिलं ते एकमेकांना सांगायचं, एखादा किडा, साप, फुलपाखरू मिळालं तर ते दाखवायचं, एवढंच ठरलं. पगारी कुणी नाही, सरकारी आदेश नाही. हीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी.

ते दोघे आपले कोण? एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन करणाऱ्यांतले प्रमुख, मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे भाऊ. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. मुंबईच्या बाजारातल्या औषधांची त्यांनी केलेली यादी १८७९ साली छापली गेली. हे सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. लहानपणी लावलेलं लग्न नांदवणार नाही म्हणणाऱ्या, पुढे डॉक्टर झालेल्या त्याच रखमाबाई. १८८४ साली नवऱ्याने कोर्टात दावा लावला तेव्हा सखाराम अर्जुन मुलीच्या मागे उभे राहिले. निकाल लागायच्या आधीच, १८८५ मध्ये ते गेले.

सुधारणावाले आणि किडे-झाडं बघणारे हे वेगवेगळे लोक असतात, असं आपण धरून चालतो. इथे ती एकच माणसं होती. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः बघायचं. समाजाकडे बघतानाही तेच, झाडाकडे बघतानाही तेच.

पहिले सचिव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. नोकरी कस्टम आणि मीठ खात्यात, जन्म आपल्या साताऱ्याचा. पण खरी गंमत जागेची. संस्थेला जागाच नव्हती! १८८४ च्या जानेवारीत फोर्ब्स स्ट्रीटवरच्या एका दारूच्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानातली मागची जागा दिली. हर्बर्ट फिप्सन त्यांचं नाव. पुढे वीस वर्षं त्यांनी सचिवपद सांभाळलं. १८८६ साली संस्थेचं नियतकालिक सुरू झालं, ते आजही निघतं. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या निसर्ग संस्थेचं बालपण बाटल्यांच्या शेजारी गेलं. आमच्या सरांना हे सांगितलं तर खूप हसले. म्हणाले, "शाळेपेक्षा तिथे जागा पक्की."

आता शिक्षणाचं. साधारण १९०८ साली एक मुलगा छर्‍याच्या बंदुकीने मारलेली चिमणी घेऊन या संस्थेत आला. गळ्यावर पिवळा ठिपका असलेली, नेहमीपेक्षा वेगळी चिमणी. तेव्हाचे सचिव मिलार्ड. "चल पळ, कामात आहे" म्हणता आलं असतं. त्यांनी चिमणी ओळखून दिली, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, पुस्तकं वाचायला दिली. तो मुलगा सलीम अली. पुढे १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि कित्येक पिढ्या त्यावर पक्षी ओळखायला शिकल्या. याला कुठला अभ्यासक्रम लागला? एक उघडी खोली, एक कपाट आणि मुलासाठी अर्धा तास काढणारा एक मोठा माणूस.

पण वह्यांचं महत्त्व नुसतं मुलांना गोडी लावण्यापुरतं नाही. राजस्थानातल्या भरतपूरला १९८२ साली केवलादेव पक्षी अभयारण्यात म्हशी चारायला बंदी झाली. पक्षितज्ज्ञांचा त्याला पाठिंबा होता, खुद्द सलीम अलींचासुद्धा. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. त्याच दशकात याच संस्थेचे अभ्यासक तिथे वर्षानुवर्षं नोंदी करत होते. नोंदींतून निघालं काय? म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांचंच नुकसान झालं. म्हशीवाले चूक नव्हते. संस्थेने हा निष्कर्ष दडवला नाही, मांडला. मेलेली माणसं त्याने परत आली नाहीत. पण नोंदी नसत्या, तर आजही आपण म्हशींनाच दोष देत बसलो असतो.

नोंद कुणाची बाजू घेत नाही. ना सरकारची, ना गावाची, ना पर्यावरणवाल्यांची. म्हणून ती सगळ्यांना अडचणीची वाटते.

आमच्याकडेही हे झालंय. तळ्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा आला, त्यात एक ओळ होती की इथे विशेष पक्षी नाहीत. सरांनी वह्या पिशवीत घातल्या आणि बैठकीला गेले. भाषण केलं नाही. फक्त डिसेंबर-जानेवारीची पानं काढून वाचत बसले. नोंदीखाली सातवी-आठवीतल्या मुलांची नावं. पूर्ण जिंकलो असं नाही. तीन बाजूंना फरशी बसलीच. पण चौथा, देवळाकडचा गाळाचा काठ सुटला. हिवाळी पाहुणे आता तिथेच उतरतात.

आपण निसर्ग मंडळ म्हटलं की एक उत्साही माणूस बघतो. त्याचा सत्कार करतो, शाल देतो, मी बातमी छापतो. तो थकला की मंडळ बंद. मुंबईचे ते आठही जण कधीच गेले, इंग्रजही गेले, संस्था राहिली. का राहिली? महिन्याची बैठक, वर्गणी, नोंद आणि पुढचा सचिव. कंटाळवाणी कामं आहेत. पण ती एका माणसाच्या उत्साहावर टांगलेली नव्हती. आमच्या सरांनी सगळं केलं, फक्त पुढचा माणूस तयार केला नाही. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं. आणि आम्ही गावकऱ्यांनी तरी चौदा वर्षांत कधी विचारलं का, की सर, पुढच्या रविवारी तुम्ही थांबा, आम्ही जातो?

कपाट माझ्या घरी आलंय. जिन्याखाली बसलं. बायको थोडी चिडलीय, पण वाचतेय वह्या.

मला पक्षी ओळखता येत नाहीत. बगळा आणि ढोकरी यात अजून गोंधळ होतो. तरी येत्या रविवारी सकाळी साडेसहाला देवळाकडच्या काठावर मी उभा असेन. जुन्या मुलांपैकी दोघं येतो म्हणालीत. बारावी वही आणलीय, पहिलं पान कोरं आहे. गावातले असाल तर या, मुलांना आणा.

आणि दुसऱ्या गावातले असाल, तर तुमच्याकडच्या अशा एखाद्या सरांना आज फोन करा. त्यांच्या वह्या कुठे आहेत, तेवढं विचारा.